‘झालं’ म्हटल्यानंतरचा फोटो

माझी ताई फोटोग्राफर झाली त्यात निम्मा वाटा माझ्या मानेचा आहे. ती चौदाची आणि मी नऊ वर्षांचा असताना मावशीने तिला आपला जुना कॅमेरा दिला. पुढची चार वर्षं "हलू नकोस", "हनुवटी वर", "माकडा, श्वाससुद्धा घेऊ नकोस" यापलीकडे ती माझ्याशी काही बोलल्याचं आठवत नाही. रोलमध्ये छत्तीस फोटो, त्यातले तीस माझे. कॅमेऱ्याला हात लावायची मात्र मला बंदी. एकदाच चोरून शेजारच्या काकूंचा फोटो काढला, तर त्यात काकूंचं डोकंच आलं नाही. ते ताईने मला जन्मभर ऐकवलं.

बाबा शिंपी. पुढच्या खोलीतच त्यांचं मशीन, लांब टेबल, खडूचे तुकडे. चिंधीसुद्धा वाया गेलेली त्यांना खपायची नाही, आणि ताईची खोड नेमकी फिल्म वाया घालवायची. फोटो काढला की ती "झालं!" म्हणायची. समोरचा माणूस खांदे सैल सोडायचा, नाक खाजवायचा, शेजारच्याकडे बघून हसायचा, तेवढ्यात ही परत बटण दाबायची. माणूस खरा तेव्हाच दिसतो, असं तिचं म्हणणं.

"एका माणसाला दोन फोटो कशाला? मी एका सदऱ्याला चार बाह्या लावतो का?" बाबा म्हणायचे.

पालथ्या घड्यावर पाणी.

शाळा संपल्यावर ती चौकातल्या स्टुडिओत शिकायला लागली. तिथल्या मालकांना सगळे मास्तर म्हणत. बाबांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, "पोरीवर लक्ष ठेवा, फिल्म फार खाते." महिन्याभरातच मास्तरांनी शेवटची ताकीद दिली : आणखी एक जास्तीचा फोटो निघाला, तर घरी बसायचं.

दुसऱ्याच दिवशी आमच्या शाळेच्या मोठ्या बाई आल्या. त्या निवृत्त होत होत्या आणि शाळेच्या भिंतीवर लावायला फोटो हवा होता. बाईंना हसताना आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. ताईने फोटो काढला, "झालं, बाई" म्हणाली, आणि बाईंनी चपला काढून पाय लांब केले नि हुश्श करून हसल्या. ताईच्या बोटाला काही धीर धरवला नाही. फोटो न्यायला आल्यावर दोरीवर वाळत टाकलेले दोन्ही फोटो बाईंनी पाहिले आणि दुसऱ्यावर बोट ठेवलं.

"हा द्या. पहिल्याला पोरं मी गेल्यावरही घाबरतील."

मास्तरांनी तोच फोटो पाकिटात घालून दिला. ताई टिकली, आणि वीस वर्षांनी तोच स्टुडिओ तिने चालवायला घेतला.

एकच माणूस तिच्या तावडीत सापडला नाही : बाबा. त्यांना तिची युक्ती पाठ होती. "झालं" ऐकलं की ते आणखी ताठ व्हायचे. घरात त्यांचे वीसेक फोटो आहेत, सगळे ओळखपत्रावर चालतील असे. मला हसू यायचं. ताईला मात्र लागायचं. अख्ख्या जगाचे चेहरे पकडले आणि आपल्या बापाचा एक खरा फोटो नाही, म्हणून ती एकदा माझ्याजवळ रडली होती.

बाबा ब्याऐंशीचे झाले. हात कापायला लागले, मशीन बंद पडलं. ताई म्हणाली, "एकदा घेऊन ये त्यांना." मी त्यांना स्टुडिओत नेलं. आता रोल नव्हता, शंभर फोटो काढले तरी काही वाया जाणार नव्हतं. ताईने कॅमेरा स्टँडवर चढवला, फोटो काढला.

"झालं, बाबा."

बाबा जागचे हलले नाहीत. ताई थांबली. बाबाही थांबले. दोघांच्या हट्टात माझे पाय दुखायला लागले.

"फसायचा नाही मी," बाबा म्हणाले.

ताईने हात टेकले. त्यांना उठवायला ती खुर्चीजवळ गेली, आणि बाबांनी तिची बाही धरली.

"हे बटण लोंबतंय. अशीच फिरतेस चारचौघांत? शिंप्याची पोर ना तू?"

"असू दे हो, बाबा."

पण त्यांची कापरी बोटं सुटलेला दोरा बटणाभोवती गुंडाळायला लागली होती. मान तिरकी, भुवया वर, ओठ असे मिटलेले की जणू त्यांत सुई धरलीय. पुढच्या खोलीतले बाबा परत आले होते, आणि ताई कॅमेऱ्यापासून चार पावलं लांब. तिने माझ्याकडे पाहिलं. मी बंदी मोडली.

फोटोत ताईचं अर्धं डोकं कापलं गेलंय. बाबा मात्र पुरते आलेत. ताईने तो पडद्यावर मोठा करून दाखवला. बाबा पुढे वाकून बघायला लागले.

"किती काढलेस?" त्यांनी मला विचारलं.

"एकच."

"बघ," ते ताईला म्हणाले, "शीक जरा याच्याकडून."

ताई हसता हसता रडायला लागली, आणि खरं सांगतो, मीही.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. फोटो स्टुडिओत दारासमोरच लावलाय. त्या दिवशी अंगात असलेला सदरा ताई अजून घालते. शिंप्याची पोर असून तिने ते बटण काही नीट शिवलेलं नाही. त्याला बाबांनी मारलेली गाठ आहे.