फर्दापूरची गारगोटी

आधी चहा घेऊन टाका. ही गोष्ट ऐकल्यावर माझ्या हातून काही घ्यावं की नाही, असा प्रश्न तुम्हाला पडेल. ऐन दिवाळीच्या सुटीत मी एका भल्या माणसाचा धंदा बुडवला. आणि तोही प्रामाणिकपणानं!

तुम्हाला ठाऊकच आहे, मी आयुष्यभर एकाच विषयावर लिहीत आलो. जिथं बाजार नुकते वाढीला लागलेत, कोर्टकचेरी कुणाला परवडत नाही, तिथं छोटे व्यावसायिक एकमेकांवर भरवसा कसा ठेवतात? या 'न लिहिलेल्या करारां'वर माझं एक जाडजूड पुस्तक आहे. परवा प्रकाशक म्हणाले, नवी आवृत्ती काढू, प्रस्तावना लिहा. झालं! माझी झोप उडाली. असा करार मी स्वतःच्या डोळ्यांनी कधी पाहिलाय का? मी तर विद्यार्थ्यांनी आणलेली माहिती वाचत खुर्चीत बसलेला माणूस.

"मग चला अजिंठ्याला," माझी बायको वसुधा म्हणाली. "तुम्ही उद्योजक बघा, मी लेणी बघते."

फर्दापूरला आपली गाडी ठेवायची आणि तिथल्या बसनं लेण्यांकडं जायचं. बसपर्यंतच्या वाटेवर दोन्ही बाजूंना दगडांची, माळांची दुकानं. पहिल्याच दुकानातली बाई पुढं आली आणि तिनं माझ्या तळहातावर एक चकाकती गारगोटी ठेवली.

"घ्या काका. फुकट हाय. येताना आपल्याच दुकानावर या. शोभा नाव हाय माझं, इसरू नका."

मी 'नको' म्हणेपर्यंत ती दुसऱ्या माणसामागं गेलीसुद्धा.

आता गंमत बघा. पुढच्या एकाही दुकानदारानं मला हाक मारली नाही. माझ्या हाताकडं बघायचे आणि मान फिरवायचे. मी इतका कफल्लक दिसतो की काय, ही एक काळजी.

दुसरी त्याहून मोठी. मी फुकटची वस्तू घेतली! ज्यांच्यावर लिहायचं, त्यांच्याकडूनच! उद्या मला निःपक्षपाती कोण म्हणेल? परत द्यायला वळलो, तर बस सुटायच्या बेतात आणि वसुधा दारातून हाका मारतेय. शेवटच्या दुकानात एक फेटेवाला गृहस्थ बसला होता. मी गारगोटी त्याच्या हातात कोंबली.

"ही शोभाबाईंना परत द्या. मला नको."

"अवो काका, असं नाय करत..." म्हणत तो उठला, पण तोवर मी बसमध्ये! इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! लेणी मी अगदी स्वच्छ मनानं पाहिली.

दुपारी परत आलो. समोरून गर्दीचा नुसता लोंढा, सगळे दुकानदार घसा ताणून ओरडताहेत, आणि तो फेटेवाला मात्र तोंड मिटून बसलाय. मला वाटलं, लाजाळू आहे बिचारा. अशा लोकांवर माझ्या पुस्तकात अख्खं प्रकरण आहे! मी सरळ त्याच्या बाकड्यावर जाऊन बसलो.

"नाव काय आपलं?"

"कडुबा," तो पुटपुटला. "काका, हात जोडतो, उठा इथून."

"का हो?"

"लोकं बघायलेत."

म्हणजे बुजरेपणाच की! माझा जीव कळवळला. पुस्तकाबाहेर एकदा तरी कुणाच्या उपयोगी पडावं, असं फार वाटलं हो. मी उभा राहिलो, आणि उभा जन्म व्याख्यानं दिलेल्या या घशानं ओरडलो, "या! या! कडुबांचे दगड बघा!"

सगळ्या बाजाराच्या माना आमच्याकडं वळल्या. मग शोभा आली, पदर खोचून.

"बघा समद्यांनी! सकाळी गारगोटी म्या दिली, आन् गिऱ्हाईक बसलंय कुणाच्या बाकड्यावर? बसलंय काय, वरडायलंय त्याच्यासाठी!"

"आईची आन शोभे, म्या नाय बोलावलं! यांनीच दिली ती माझ्या हातात, तुला परत द्याया!"

"व्हय का? आजवर कोणतं गिऱ्हाईक गारगोटी परत करून गेलंय रं?"

पलीकडचे पांढऱ्या दाढीचे करीमचाचा, ज्यांचा निवाडा सगळा बाजार मानतो, ते मध्ये पडले, तेव्हा कुठं मला उलगडा झाला. ज्याची गारगोटी, त्याचं गिऱ्हाईक. बाकीच्यांनी त्याला हाकसुद्धा मारायची नाही. दुसऱ्याचं गिऱ्हाईक ओढलं, तर दिवसभर तोंड बंद. शोभाची गारगोटी कडुबाच्या हातात दिसली, तेव्हा सकाळीच त्याला ही शिक्षा झाली होती. आणि आता माझी आरोळी ऐकून चाचा उद्याचाही दिवस वाढवायच्या बेतात होते. सुटीच्या गर्दीतले दोन दिवस!

न लिहिलेला करार अखेर मला साक्षात दिसला होता. मोडलेला. आणि मोडणारा मी.

"अहो, चूक माझी आहे!" मी म्हणालो. "फुकट घेणं मनाला पटेना, म्हणून मीच ती यांच्याकडं दिली."

चाचांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "साब, आप तो पढे-लिखे दिखते. ऐसा कौन करता?"

कुणाचाच विश्वास बसेना. तेवढ्यात गर्दीतून वसुधा पुढं आली.

"हे करतात. आमच्या पहिल्या दिवाळसणाला माझ्या वडिलांनी यांना घड्याळ दिलं. भेट घेणं तत्त्वात बसत नाही म्हणून यांनी ते परत केलं. तेही स्वतः नाही, कोपऱ्यावरच्या वाण्याच्या हाती! वाण्यानंच काही लबाडी केली असं समजून माझे वडील त्याच्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत."

आधी शोभा हसली. मग चाचा. "म्हंजी सुटलो ना मी?" एवढं विचारून कडुबानं जी हाक ठोकली, ती लेण्यांपर्यंत गेली असेल.

सगळे हसत होते आणि मी मात्र विचारात पडलो होतो. गारगोटी ठेवून घेतली असती, तर मला शोभाच्या दुकानात परत यावं लागलं असतं. तिचं मागणं एवढंच होतं. मी ज्याला प्रामाणिकपणा म्हणतो, तो कुणाशी बांधलं जायची भीती तर नसेल? स्वतः मोकळा होताना मी मधल्याच माणसाला अडकवून आलो होतो. घड्याळाच्या वेळीही तेच. आता या वयात तरी हे सुधारेल का?

म्हटलं, करून बघू. निघताना मी शोभाच्या दुकानात गेलो आणि हात पुढं केला.

"ती गारगोटी द्या मला. या वेळी ठेवून घेतो. पुन्हा येईन."

तिनं गारगोटी उचलली, माझ्या हाताला वळसा घालून वसुधाच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं नीट मिटवली.

"काकू, तुमीच धरा. ह्यांचा काय भरवसा?"