कौतिकाच्या नावाचं कडवं

शेवटचं कडवं मीच काढून टाकलं. मला कोणी धमकावलं नव्हतं. हे आधी सांगतो, कारण पुढं माझा अपमान येईल, आणि अपमान झालेल्या माणसाची चूक लोक सोडून देतात. मी स्वतःही सोडून द्यायला बघितली होती.

नागपुरात एका बंद खोलीत रेकॉर्डसाठी गाणी भरायची होती. भिंतींना गाद्या ठोकलेल्या. मधोमध माइक. मी पहिला सूर लावला आणि काचेपलीकडचा साहेब कानाला हात लावून बाहेर आला.

"म्हशी हाकतोस का? मशीनचा काटा उडतोय माझा."

त्यानं खडूनं जमिनीवर रेघ मारली. माइकपासून आठ पावलं लांब. "इथं उभा राहा. तोंड भिंतीकडे." माझ्यासोबत आलेले ढोलकीवाले हसले. मीही हसलो. तीस वर्षांचा बाप्या, भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

गळा माझा तसाच होता. दंडारीत, म्हणजे गावच्या नाचगाण्याच्या खेळात, उभा राहिलो की तळ्याच्या पल्याडच्या वस्तीवर ऐकू जायचा. गाणी मात्र माझी नव्हती. ती कौतिकाची. कौतिका माझी मोठी बहीण. मी तिला बाई म्हणायचो. लग्नानंतर दोन वर्षांतच कपाळ पांढरं करून घरी आली, आणि आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. आम्ही ढिवर. तळ्यातली मासोळी, दुसऱ्याच्या शेतात धानरोवणी, त्यावर घर. जाळं विणता विणता बाई गाणं रचायची. एक गाठ, एक ओळ. लिहिता तिला येत नव्हतं. मी चार वर्ग शिकलेला, मी उतरून घ्यायचो.

दंडारीत बायका उभ्या राहत नसत. बाई मागं, चिंचेच्या बुडाशी बसायची. पण आमच्याकडं रीत अशी की गाणं ज्याचं, त्याचं नाव शेवटच्या कडव्यात. मी ते कडवं धरलं की सगळी माणसं मान वळवून चिंचेकडं बघायची. बाई पदर तोंडाला लावायची. वर्षभरात तिच्याकडं कोणी बघायचं ते तेवढंच.

बांध फुटल्याचं गाणं तिचं सगळ्यांत आवडतं. मालगुजाराच्या, गावच्या जमीनदाराच्या, तळ्याचा बांध फुटतो, मासोळी वाहत त्याच्या बांधीत जाते, आणि तो म्हणतो, माझ्या शेतातली मासोळी माझी. शेवट असा:

कौतिका म्हणे, जाळं माह्यं, गाठ माह्या हाताची
पाणी कोनाचं, सांगा राजा, पोरगी मी ढिवराची

आमच्या मालगुजाराचा पोरगा चांद्याला वकील होता. भैयासाहेब. त्यांनी दंडार ऐकली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या खांद्यावर त्या घरातला हात कधी पडला नव्हता. "तुझा गळा देशभर ऐकवतो," म्हणाले. रेकॉर्ड कंपनीच्या माणसांशी त्यांचीच ओळख. नागपूरला त्यांनीच नेलं.

तर नागपूरच्या खोलीतला तो साहेब म्हणाला, रेकॉर्डच्या एका बाजूला तीनच मिनिटं मावतात. कडवी कमी कर. मी शेवटचं काढतो म्हणालो.

"त्यात कोणाचं तरी नाव होतं ना? कोणाचं?"

"असंच आहे साहेब. काही नाही."

चार गाणी भरली. चारही गाण्यांतलं शेवटचं कडवं काढलं.

गावात आल्यावर बाईनं एकच विचारलं, "माह्यं नाव घेतलं ना रे?"

"घेतलं."

तिनं ते आमच्या वस्तीत, अख्ख्या टोलीत सांगितलं. शेजारची म्हातारी तिला चिडवायची, "आता तं फोनोत जाऊन बसली वो कौतिका! जाळं कोन इणन?" बाई हसायची. तिला मी इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

सहा महिन्यांनी भैयासाहेबांचं बोलावणं आलं. रेकॉर्डी आल्या होत्या, चांद्याच्या बंगल्यावर ऐकवणार होते. बाई हटून बसली, मीही येते. वैनगंगा डोंग्यानं ओलांडली, मग मोटार. इतक्या वर्षांनी तिनं पेटीतलं हिरवं लुगडं काढून नेसलं होतं. वाटेत मला तीनदा खरं सांगता आलं असतं.

बंगल्याच्या दारातच भैयासाहेबांची काकी भेटली. "आलास? बरं झालं. घागरी भर आणि पाहुण्यांना पाणी दे. तुमच्या हातचं सगळ्यांना चालतं."

ते खरं होतं. ढिवराच्या हातचं पाणी बामणालाही चालायचं. मी नवा सदरा घालून आलो होतो. बाह्या वर केल्या आणि विहिरीवर गेलो. बाईला मागच्या ओसरीवर, भांडी घासणाऱ्या बायांजवळ बसवलं.

दिवाणखान्यात वकील, डॉक्टर, शाळेचे हेडमास्तर. दोन रेकॉर्डी पुठ्ठ्याच्या एका सुंदर वहीत ठेवलेल्या. अल्बम म्हणतात, असं भैयासाहेब सांगत होते. त्यांनी फोनोला चावी दिली. माझा आवाज निघाला. आठ पावलं लांबचा, भिंतीला आदळून आलेला, पण माझा. मी हातात तांब्या घेऊन लोकांच्या मधून फिरत होतो. एकानं माझ्याकडं न बघता पेला पुढं केला.

गाणं तुटलं. सुई नुसती खरखरत राहिली. दुसरं गाणं. तिसरं. चौथं.

मग भैयासाहेबांनी रेकॉर्डवरची अक्षरं वाचून दाखवली. रचना म्हणून त्यांचं स्वतःचं नाव. गायक, ग्रामीण मंडळी. टाळ्या वाजल्या. हेडमास्तर म्हणाले, "भैयासाहेब, हा छंद आम्हाला माहीत नव्हता!"

"आणि हा राक्षसी गळा कोणाचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमचाच माणूस. तो काय, पाणी देतोय."

सगळे हसले.

मी मागं ओसरीवर गेलो. बाई उभीच होती.

"माह्यं नाव काऊन नाई आलं रे?"

"मशीन लहान होती बाई. मावलं नाई."

"चारी खेपेले नाई मावलं?"

 तेवढ्यात आतून हाक आली. पाहुण्यांना समोरासमोर ऐकायचं होतं. मी तांब्या ठेवला, दिवाणखान्याच्या मधोमध उभा राहिलो आणि बांधाचं गाणं धरलं. पूर्ण. शेवटच्या कडव्याला खिडक्यांची तावदानं थरथरली.

भैयासाहेब उठले. "हे कडवं त्यात नाही."

"आहे. मी काढलं होतं. गाणं माझ्या बहिणीचं आहे, तुमचं नाही. ती मागं बसली आहे."

"ज्याचं मीठ खाल्लं त्यालाच शिकवतोस? चालता हो."

"पाणी मी पाजलं तुम्हाला," म्हणालो आणि बाईला घेऊन बाहेर पडलो.

मला वाटलं, फेडलं. छाती फुगवून चाललो होतो. मोटारस्टँडवर बाई म्हणाली, "तू गायला ते त्या घरात राह्यलं. रेकॉर्ड तं तशीच वाजून राह्यली गावोगाव." 

त्या दिवसापासून तिनं गाणं रचलं नाही. नुसतं जाळं विणायची. दोन वर्षं. मी दंडारीत भैयासाहेबांना शिव्या घालायचो, लोक माना डोलवायचे, मला शूर म्हणायचे. माझ्या वाटणीची चूक मी कोणाला सांगितली नाही.

मग कंपनीचं पत्र आलं. आणखी गाणी हवी होती. मी स्वतःच्या हातानं उत्तर लिहिलं. कौतिकाचं नाव आधी छापा, आणि गाण्यातलं तिचं कडवं पूर्ण भरा. जमत नसेल तर हा गळा मिळणार नाही. उत्तर आलं नाही. आता तर मी त्यांची वाटही बघत नाही. ज्या गाण्यातून तिचं नाव काढावं लागेल ते गाणं मी कुठंच गाणार नाही, राजानं बोलावलं तरी.

त्या दिवशी मी ते पत्र टपालपेटीत टाकून घरी आलो. बाई अंगणात जाळं पसरून बसली होती. मी तिच्यासमोर मातीत बसलो.

"बाई, मी खोटं बोललो. मशीनचा काई दोष नाई. भैयासाहेबाचाबी नाई. त्या साहेबानं मले इचारलं होतं, नाव कोनाचं म्हणून. मी सांगतलं नाई. बाईमाणसानं रचलेलं मी गातो, ह्याची मले त्याच्यासमोर लाज वाटली. तुह्यी लाज वाटली मले. मी चुकलो, बाई. मले माफ कर."