तामोऱ्यांच्या घरचं सोयाबीन

हंसा तामोरे बोईसरच्या बाजारात मासळी विकते आणि घरी सोयाबीन शिजवते. पहिल्या गोष्टीचं गावात कोणाला काही वाटत नाही. दुसरीचं वाटलं. तारापूरच्या किनाऱ्याला मांगेल्यांच्या आळीत आजारी माणूस पेज खातो, सोमवार पाळणारा माणूस वरणभात खातो. पण ज्या घराच्या दारात बोंबील वाळवायचे बांबू अजून उभे आहेत, त्या धडधाकट घरात मासळी शिजत नाही म्हटल्यावर आळीला झोप कशी लागणार?

"नवस हाय," हंसाने सांगितलं. "उन्नतीचं लग्न ठरेपर्यंत घरात मासळी शिजवायची नाय."

"कुठल्या देवीला गो सोयाबीनची आवड?" शेजारच्या ठमीने विचारलं. "आमची देवी तर कोंबड्याशिवाय ऐकत नाय."

हंसा हसली. तिची मुलगी उन्नती तेव्हा बारावीत होती आणि तिचं लग्न कोणी काढलं नव्हतं, त्यामुळे नवसाला मुदत भरपूर होती.

पदार्थ मात्र झटपट. किराणा दुकानात सोयाबीन म्हणून ज्या बुचासारख्या वाळक्या वड्या मिळतात, त्या उकळत्या मिठाच्या पाण्यात टाकायच्या. फुगल्या की पिळायच्या, थंड पाण्यात बुडवायच्या आणि पुन्हा पिळायच्या. हे दुसरं पिळणं जो टाळतो त्याच्या ताटाला ओल्या गोणपाटाचा वास येतो. मग आलं-लसूण-मिरचीचं वाटण, हळद, लाल तिखट, कोकमाचं आगळ, थोडं तांदळाचं पीठ चोळून तव्यावर खरपूस करायच्या. थोडक्यात, मांदेली जशी तळतात तसं. फक्त मांदेली नाहीत. पाहुणा चप्पल काढून टेकेपर्यंत ताटली तयार होते. हंसाच्या ताटलीत तिखट दर महिन्याला वाढत गेलं. उन्नतीच्या डोळ्यांतून पाणी यायचं. हंसाचा नवरा दिनानाथ म्हणायचा, "आता कुठं चव लागली."

हा दिनानाथ एके काळी गावाचं नाक होता. बोटीवर असताना नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभा राहून म्हणायचा, "तेलकट वास येतो, जाळी सोडा." खाली बांगड्याचा थवा असायचा. कधी नसायचाही, पण अशा वेळा लोक विसरतात, म्हणून तर नाव होतं. बायका सुकी मासळी भरून ठेवण्याआधी त्याच्यासमोर मूठभर धरायच्या. तो हुंगून सांगायचा, "अजून एक ऊन दाखव."

मग मासा दूर गेला, डिझेल महाग झालं, आणि बोट विकावी लागली. एमआयडीसीतल्या एका रसायनाच्या कंपनीत ठेकेदाराचा सुपरवायझर होता रूपेश नावाचा. त्याने दिनानाथचं नाव ऐकून त्याला मुद्दाम घेतला. काम टाक्यांच्या आवारातलं. तिथे खड्ड्यात पाइप आणि वॉल्व. एकाने खाली उतरायचं, दुसऱ्याने खड्ड्याच्या तोंडाशी उभं राहायचं आणि वास बदलला की ओरडायचं, "वर ये." वास ओळखणारं यंत्र कंपनीकडे होतं. ते तपासणीच्या दिवशी भिंतीवर लागायचं आणि नंतर खराब होऊ नये म्हणून कपाटात जायचं. दिनानाथ खराब होण्याबद्दल कोणी काही ठरवलेलं नव्हतं.

सुरुवातीला तो घरी येऊन सांगायचा, आज सडका कांदा होता, आज लसूण होती, आज काहीतरी गोड होतं, ते सगळ्यात वाईट. पुढे सांगेनासा झाला. हंसाला वाटलं, सवय झाली. बोईसरमध्ये मला वास येत नाही असं म्हणणाऱ्या माणसाला कोणी डॉक्टरकडे नेत नाही. त्याला जुना रहिवासी म्हणतात.

मग एका संध्याकाळी ती बाजारातून घरी आली, तर नासक्या मासळीचा वास फाटकापर्यंत आला होता. खतात घालायला बाजूला ठेवलेले बोंबील दिनानाथने स्वतः तळून खाल्ले होते. ताटात काटेसुद्धा नव्हते.

"मस्त होते गो," तो म्हणाला.

पुढचे दोन दिवस त्याच्या उलट्या काढताना तिने सगळा हिशेब मांडला. कंपनीत कळलं तर नोकरी जाणार. गावात कळलं तर नाव जाणार. यातलं कुठलं त्याला जास्त लागेल हे तिला सांगता आलं नसतं. तो स्वतः तर मानायलाच तयार नव्हता. "सर्दी हाय," म्हणायचा, तीही बारमाही. तेव्हा तिने नवस बोलून टाकला. सोयाबीन नासत नाही, त्याला ताजं-शिळं नाही, आणि ते हुंगून बघ असं कोणी म्हणत नाही. आळीतल्या बायका मूठभर जवळा घेऊन यायच्या बंद झाल्या, कारण नवसाच्या घरात मासळी कशी न्यायची? बंदोबस्त चोख होता. त्यात एकच भोक राहिलं होतं, ते कंपनीत होतं आणि त्यात रोज झिपरू उतरत होता.

झिपरू विक्रमगडकडचा, डोंगरातला. भात कापून झालं की शेतात काम उरत नाही, म्हणून बोईसरला आला आणि इथेच एका खोलीत राहिला. दिनानाथच्या डब्यातलं सोयाबीन तो हक्काने खायचा. सुटीच्या दिवशी कधी घरीही यायचा, येताना पाड्यावरचे कंद घेऊन. असाच एकदा आला असताना दिनानाथ मोरीवर गेला, तेव्हा त्याने हळूच विचारलं,

"वयनी, दादाच्या नाकाला काय झालाय?"

"काय व्हायचं? सर्दी हाय."

"परवा रबर जळत व्हता बाजूला. मी खालून ओरडलो. दादा वर उभा, त्याला कायच नाय."

"सर्दीत नाय कळत. घे अजून."

झिपरूने अजून घेतलं. "बरं," म्हणाला. वहिनीने सांगितलं म्हणजे सर्दी असणार, अशा मताचा माणूस. हंसा त्या दिवशी तवा घासत बराच वेळ बसली होती, असं उन्नती नंतर म्हणाली.

पुढे जे झालं ते भर दुपारी झालं. झिपरू खाली होता. वर दिनानाथ तंबाखू मळत त्याच्याशी त्याच्या मेहुण्याच्या लग्नाबद्दल बोलत होता. बँड लावायचा की पाड्यावरचा तारपा वाजवायचा, असा विषय होता. झिपरू तारपा म्हणाला, आणि मग काही म्हणाला नाही. दिनानाथने दोन हाका मारल्या, वाकून पाहिलं आणि तोही तिथेच कोसळला. दोघांना ओढून काढलं. दिनानाथ वाचला.

कंपनीने दिनानाथला फळांची करंडी पाठवली. झिपरूला हार पाठवला होता.

चौकशी झाली. पलीकडच्या शेडमधल्या लोकांनी सांगितलं की वास आला होता. कंपनी म्हणाली, इथे वास रोजच असतो; खड्ड्याच्या तोंडाशी उभा असलेला माणूस काय म्हणतो ते महत्त्वाचं. तो माणूस म्हणाला, "वास नाय आला." दिनानाथ शंभर टक्के खरं बोलला. वास नव्हता म्हणजे गॅस नव्हता, गॅस नव्हता म्हणजे झिपरू स्वतःच्या छातीच्या दुखण्याने मेला, दिनानाथ ते बघून घाबरून कोसळला, आणि त्यातही तो प्यायलेला असावा, असं हळूहळू ठरत गेलं. रूपेश घरी येऊन दिनानाथच्या खांद्यावर हात ठेवून गेला. "दादा, तुमच्या नाकाला सगळा तालुका ओळखतो. बोललात त्यावर राहा. आराम करा, पगार चालू आहे."

दिनानाथ खूश झाला, हे सगळ्यात कठीण होतं. गावाचं नाक पुन्हा कामाला आलं होतं.

महिन्याभराने झिपरूची बायको बुधी आली. ओट्याच्या कडेला टेकली. पाणी पुढे केलं ते तसंच राहिलं.

"दादा, वास आला व्हता का?"

"नाय गो. आला असता तर त्याला खाली ठेवला असता का मी?"

"लोकं बोलतात, तो पिऊन उतरला. तो पेत नव्हता. आमच्या पाड्यात एकटाच नाय पेत, म्हणून हसायची त्याला."

हंसा आत गेली. काय करावं न सुचून तिने सोयाबीन केलं. ताटली पुढे ठेवली तेव्हा बुधीने एक वडी उचलून पाहिली.

"ह्याच काय ते? तो घरी येऊन सांगायचा. वयनी मासळीसारखा करते." तिने ती तोंडात घातली नाही. सगळं पदरात बांधून घेतलं. "पोरांना दाखवते."

ती गेल्यावर हंसा म्हणाली, "अवो, खरं सांगा साहेबाला."

"खरंच सांगितलंय."

"वास होता. तुमाला येत नाय."

"कोण म्हणतो?"

"मी म्हणते. नासके बोंबील खाल्लेत तुमी. नवस कसला? तुमच्यासाठीच सोयाबीन आणलं घरात."

"सर्दी होती तवा." तो चिडला. "वास असता तर मला आला असता. मला नाय आला म्हणजे नव्हता. चाळीस वर्सं दर्यावर काय झक मारली मी?"

अख्ख्या चौकशीतही याहून दुसरा मुद्दा नव्हता.

बुधीने अर्जांमागून अर्ज केले, पाड्यावरची माणसं कचेरीत जाऊन बसली, तेव्हा चौकशीचे साहेब पुन्हा यायचं ठरलं. या वेळी घरी, कारण कंपनीच्या आवारात सगळे एकाच तोंडाने बोलत होते. हंसाला तीन दिवस आधी कळलं. ती बाजारात गेली आणि न विकली गेलेली मांदेली तिने प्रथमच परत आणली. पाटीवर गोणपाट बांधून पत्र्यावर उन्हात ठेवली. उन्नतीला मामाकडे माहीमला पाठवून दिलं. ठमीला सांगितलं, "वास मारेल. दोन दिवस बोलू नको कोणाला."

"नवस फिटला वाटतं," ठमी म्हणाली. मग हंसाचं तोंड बघून तिने आपली खिडकी लावून घेतली.

साहेब येणार त्या सकाळी हंसाने पाटी आतल्या खाटेखाली सरकवली. वर दिनानाथ इस्त्रीचा सदरा घालून बसला होता. माश्या होत्या; पण मासळीवालीच्या घरात माश्या असतातच. तिने सोयाबीन भिजवलं, पिळलं, पुन्हा पिळलं, तिखट चोळलं, तव्यावर टाकलं. तिचे डोळे वाहत होते, आणि त्याला तिखटाचं कारण आयतं होतं.

साहेब उंबरठ्यात आले आणि थांबले. रुमाल काढला. मागे अर्ज करणारी बुधी आणि रूपेश होता. तो "बापरे" म्हणून ओट्यावर परत गेला. बुधीने पदर नाकाला लावला आणि भिंतीला धरून उभी राहिली. हंसाने दिनानाथच्या हातात ताटली दिली.

"या ना, साहेब," दिनानाथ म्हणाला. एक वडी त्याच्या गालात होती. "उभे का? बसा. हंसा, साहेबांना दे. गरम हाय."

कोणी बसलं नाही. साहेबांनी रुमालातून विचारलं, "तामोरे, इथे कसला वास येतोय?"

दिनानाथने चावणं थांबवलं. त्याने रुमालाकडे पाहिलं, पदराकडे पाहिलं, मग हंसाकडे. ती चुलीपाशी पाठ करून उभी होती आणि वळली नाही. हातातल्या ताटलीकडे बघून तो म्हणाला,

"सोयाबीनचा."

साहेबांनी वाकून खाटेखाली पाहिलं आणि कागदावर लिहायला घेतलं.

पुढे कागद फिरले. झिपरू गॅसने गेला, हे मान्य झालं. बुधीचं म्हणणं खरं ठरलं. मग कंपनीने तितक्याच शांतपणे सांगितलं की दोष दिनानाथचा, त्याने नाकाचं दुखणं लपवून नोकरी केली. पगार थांबला. यंत्र आता भिंतीवर कायमचं लागलंय, असं रूपेश म्हणतो. चालू असतं का, ते त्याने सांगितलं नाही.

दिनानाथ हंसाशी कित्येक दिवस बोलला नाही. ओट्यावर बसायचा, समुद्राकडे तोंड करून, वारा अंगावर घेत. आळीतलं कोणी त्याला काही म्हणालं नाही. मूठभर जवळा घेऊनही कोणी आलं नाही.

नवसाचं सोंग संपल्यामुळे घरात मासळी पुन्हा शिजू लागली. पहिल्या दिवशी हंसाने ताजे बोंबील केले, पहाटेच्या बोटीचे. दिनानाथने एक तुकडा मोडला, नाकाशी नेला, बराच वेळ तिथेच धरला आणि ताटात ठेवला.

"सोयाबीन हाय का?" त्याने विचारलं. तो तिच्याशी परत बोलला तो असा.

"आता कशाला? बोंबील ताजे हायत. मी बघून आणलेत."

"असतील. ह्यांचा वास मला आठवतो गो," तो म्हणाला. "सोयाबीनचं आठवायला कायच नाय."

हंसाने पाणी उकळायला ठेवलं.