दोघांपुरती उघडी गाडी

नव्या लहान गाड्यांत जुन्यांची मजा आहे का, असा वाद यवतमाळच्या गॅरेजात निघाला की मी उठून बाहेर जातो. मला उत्तर माहीत आहे, आणि ते मिळवताना माझं जे गेलं ते परत आलेलं नाही.

माझा बाप तांड्यावरून बैल हाकत बाजाराला नेई. मी बैलांचा हेडी, म्हणजे बाजारातला दलाल, झालो. पुसदपासून बाभुळगावपर्यंत एक बाजार सोडला नाही. बैल विकता विकता सरकीच्या धंद्यात शिरलो, आणि छप्पन साली जिनिंगमधून निवृत्त होऊन जाणाऱ्या एका साहेबाकडून त्याची विलायती गाडी घेतली. दोनच माणसं बसतील एवढी, बुटकी, वर टप नाही. गिअर टाकताना क्लच दोनदा दाबावा लागे, नाहीतर ती दात खायची. उन्हाळ्यात इंजिनाची धग पायाला, पावसाळ्यात पाणी मांडीवर. पुसदच्या अलीकडच्या घाटात वळणावर तिचा मागचा भाग जरासा सरके आणि मला चाक उलटं फिरवून तिला सावरावं लागे. त्या घाटात मी कुणाशी घासाघीस करत नव्हतो. दिवसभरात तेवढाच वेळ.

साठ सालानंतर दोन दारांची नवी छोटी गाडी निघाली. लोक म्हणत, शर्यतीचीच आहे. माझ्या बरोबरीच्या दोन व्यापाऱ्यांनी नंबर लावला, ते मला सोसलं नाही. खटपट करून मी त्यांच्या आधी गाडी दारात आणली. जुनी पुसदच्या एका हेड्याला देऊन टाकली. वीस वर्षं त्यानं माझ्या आणि मी त्याच्या बैलांना नावं ठेवून सौदे केले होते.

जुनी गाडी सांभाळणारा यवतमाळचा मुसलमान मिस्त्री नवी गाडी चालवून आला आणि म्हणाला, "शरीफ गाडी हे, शेठ. तुमची गलती पोटात घालते. जुनी तोंडावर सांगे."

मी हसलो. पण मग घाटात गेलो. नवी कितीतरी लवकर वर चढली. काचा बंद, धूळ बाहेर. वर पोचल्यावर मला मधलं एकही वळण आठवेना. सारा घाट मी सरकीच्या भावाचा विचार केला होता. महिनाभर मी त्या गाडीत खोट शोधली. सापडली नाही. तेव्हा ठरवलं की जुनी परत आणायची.

हेड्याच्या गोठ्यात ती कडब्याला टेकून उभी होती. टायर बसलेले, सीटवर कोंबडी. मी कोंबडी हाकलून सीट पुसली, आणि नेमकं तेव्हाच माझ्या तोंडून बाजार सुरू झाला. जी वस्तू हवी तिला आधी नावं ठेवायची. बैल मनात भरला की शिंग वाकडं म्हणायचं, चाल वाईट म्हणायची. विकणारा हे ऐकून गालात हसतो, कारण गिऱ्हाईक अडकल्याचं त्याला कळतं. मग दुपट्ट्याखाली हात जातात आणि बोटं दाबून खरा भाव ठरतो.

मी हेड्याला सांगितलं की चासीला तडा गेलाय, इंजिन बसलंय, सामान आता विलायतेतही मिळत नाही. सगळं खोटं. तो हसला नाही. खांद्यावरचा दुपट्टाही काढला नाही. शेवटी म्हणाला, "भाऊ, एवढी खराब हे तं तू कायले आलता?"

इथं गप्प बसायला हवं होतं. माझं डोकं फिरलं.

"तुही कीव आली म्हणून आलतो. भंगार हे ते. चाकं अन् आख तेवढे कामाचे हेत."

एवढं बोलून मी फिरलो आणि सावकाश चालत राहिलो. बाजारात अशा वेळी मागून हाक येतेच. आली नाही. आपण होऊन परत जाणं म्हणजे हरणं, म्हणून तीन आठवडे मी त्याच्या निरोपाची वाट पाहिली. मग मिस्त्रीला घेऊन गेलो.

गोठ्यात रबरी चाकांची नवी बैलगाडी उभी होती. खाली माझ्या गाडीची चाकं आणि त्यांना जोडणारा आख, तोही माझ्याच गाडीचा. पत्रा खुराड्यावर टाकलेला. इंजिन भंगारवाल्यानं नेलं होतं. मिस्त्री चाकापाशी उकिडवा बसला आणि आखावरची माती पुसू लागला.

हेडी मोठ्या खुशीत होता. "तू सांगतलं तसंच केलं भाऊ. चाकं लय मजबूत निंगाले."

मी त्याला नको नको ते बोललो. वीस वर्षं बाजारात काढून गिऱ्हाइकाची भाषा कळत नाही का, म्हणून विचारलं. तो गांगरला. हळूच म्हणाला, "बैल असता तं म्या तुह्यं आयकलंच नसतं. मोटारीतलं मले काय समजते? तुले समजते म्हणून मानलं."

मी त्याला माफ केलेलं नाही. मिस्त्रीच्या मते चूक माझी आहे. मला तसं वाटत नाही. कापसाच्या दिवसांत ती बैलगाडी कापसाची मोठी पोती, आमच्या बोंद्र्या, लादून यवतमाळच्या रस्त्यावर पुढे दिसते. मी मागून हॉर्न दाबून धरतो. बैल बिचकतात. तो त्यांना आवरतो, गाडी कडेला घेतो आणि हात वर करून मला रामराम घालतो.