मुशीचं पाणी आणि डब्यातलं चीज

चीजमध्ये ताकद जास्त की माशाच्या पाण्यात, हा वाद आमच्या घरात माझ्या बाळंतपणात पेटला. तो ज्या दोघांनी घातला त्या दोघांना भूक लागलेली नव्हती. भूक मला लागलेली होती. आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

मी कोल्हापूरकडची. लग्न जमलं सीबीडी बेलापूरच्या एका ऑफिसात आणि मी सून झाले बोनकोड्याच्या आगरी घरात. नव्वदच्या दशकातली गोष्ट. शेतं सेक्टरांत गेलेली, गाव बिल्डिंगांच्या मधे दाटीवाटीनं तसंच राहिलेलं. माहेरी आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली. महिना होत आला तरी मला पुरेसं दूध येईना. ती प्यायची, रडायची, पुन्हा तोंड लावायची, पुन्हा रडायची. डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, वजन असंच राहिलं तर पुढच्या खेपेला वरचं दूध सुरू करावं लागेल. मला ते नको होतं. हट्ट म्हणा हवं तर, पण माझ्या मुलीचं पोट माझ्या अंगावर भरावं, एवढी एकच गोष्ट त्या दिवसांत मला हवी होती.

सासूबाईंनी मनावर घेतलं. त्यांची बहीण जवळच्या दिवाळे गावात दिलेली. तिथल्या कोळणींकडून त्या ताजी मुशी आणायच्या. मुशी म्हणजे शार्कच्या जातीचा लहान मासा. बाळंतिणीला दुधासाठी ती द्यायची, ही खाडीकाठची जुनी रीत. लसूण, हळद, मिरी घालून त्या ती मंद आचेवर उकळत ठेवायच्या आणि मग माझ्यासमोर वाडगा यायचा. वाडग्यात पाणी. गाळलेलं, पिवळं, कढत पाणी. सगळी ताकद पाण्यात उतरते म्हणे. तुकडे बाजूला निघायचे, त्यांना कांदा-मसाल्याची फोडणी बसायची आणि रात्री ते माझ्या नवऱ्याच्या ताटात पडायचे.

आमच्या कोल्हापुरातही रस्सा ओरपतात, मटण शिजताना अळणी पाणीही पितात. पण आमच्याकडे रस्सा मटणासोबत असतो, मटणाऐवजी नसतो. हे मी एकदा हसत हसत म्हणून पाहिलं. कुणी हसलं नाही.

नवऱ्याचा या पाण्यावर विश्वास नव्हता. तो ऑफिसातून कुणाचं तरी ऐकून आला आणि वाशीहून चीजचा डबा घेऊन आला. डब्यावरचा कागद त्यानं मला मोठ्यानं वाचून दाखवला: प्रोटीन इतकं, कॅल्शियम इतकं. आईच्या पाण्यावर असं काही छापलंय का, असं त्यानं विचारलं. माशाच्या अंगावर कधी काही छापून येत नाही, असं सासूबाईंनी सुनावलं. शिवाय चीज म्हणजे शिळं, आंबलेलं दूध, पोरीला त्यानं कफ होईल, असंही म्हणाल्या. मग तोडगा निघाला. मला रोज सकाळी चीजची एक पातळ चकती मिळेल, उरलेलं वाया जाऊ नये म्हणून नवरा डब्यात ब्रेडबरोबर नेईल. म्हणजे मासा त्याला, चीज त्याला, आणि डब्यावरचा कागद ऐकायला मी. आणि वर दोघं मलाच विचारायचे, काय गं, फरक पडतोय का?

मला रडू यायचं ते भुकेनं. भूक म्हणायची सोय नव्हती, कारण घरात दिवसभर माझ्याच खाण्याची चर्चा चाललेली असायची. इतकं कौतुक चाललेलं असताना उपाशी आहे म्हणणाऱ्या बाईला काय म्हणतात ते मला ठाऊक होतं.

पुढच्या खेपेला मुलीचं वजन जेमतेम हललं. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, तुम्ही काय जेवता? मी सांगितलं. भात, मुशीचं पाणी, चीजची चकती. पाणी चांगलं की चीज, तेही विचारून घेतलं, म्हटलं एकदाचा निकाल लागू दे. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"चीज चांगलंच, पण चकतीनं काय होणार? पाण्यात चव असते, थोडं मीठ असतं. खरं सत्त्व माशात राहतं. ते तुकडे कोण खातं?"

मला इतका राग आला होता की बोलले असते तर तिथंच रडले असते. त्यांनी एकच आठवडा दिला.

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, मग आधी बोलायचंस ना, आणि स्वयंपाकघर आईचं आहे, त्यात मी पडत नाही. एवढं बोलून तो कूस वळवून झोपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई मुशी गाळत होत्या तेव्हा मी मुलीला घेऊन आत गेले आणि म्हटलं, आई, मला तुकडे हवेत.

त्या म्हणाल्या, तुकड्यात आता चोथा राहिलाय, ताकद पाण्यात आहे.

"मग त्यांना पाणी द्या आणि मला चोथा द्या."

त्यांचा हात थांबला. त्या चिडतील म्हणून मी तयारीतच उभी होते. पण त्या भांड्याकडेच बघत राहिल्या. बाप्ये कामाला जातात, असं काहीतरी पुटपुटल्या. मग माझ्या खांद्यावरच्या मुलीकडे बघून म्हणाल्या,

"मना पन पानीच दिलं व्हतं. तुज्या नवऱ्याला शेजारनीनं पाजलाय. मना दूधच नाय आलं."

त्यांनी झारा घेतला, मोठे मोठे तुकडे निवडून माझ्या वाडग्यात घातले आणि वर भात पसरला. तुकडे दिसेनासे झाल्यावर म्हणाल्या, इथंच बसून खा. मी तिथंच जमिनीवर बसून खाल्लं, अधाशासारखं.

रात्री नवऱ्यानं विचारलं, आज तुकडे एवढेच? सासूबाई म्हणाल्या, मुशी बारकी मिळाली. तो आठवडाभर दिवाळ्याला मुशी बारकीच मिळत राहिली.

मुलीचं वजन वाढलं. डॉक्टरीणबाईंनी वरच्या दुधाचं नावही काढलं नाही. घरी आल्यावर नवऱ्यानं चीजचा डबा उचलला आणि कागद पुन्हा वाचून दाखवला. बघा, म्हणाला, शेवटी सायन्स आहे हे. माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. पण सासूबाई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, चीजनं कसलं, पाण्यानं वाढलं. झालं, दोघांचा वाद परत सुरू.

रात्री आमची जेवणं उरकल्यावर त्या नेहमीसारख्या शेवटी जेवायला बसल्या. भांड्यात एक तुकडा मी मुद्दाम मागे ठेवला होता. तो त्यांनी बाजूला काढला, माझ्या उद्याच्या सकाळसाठी झाकून ठेवला आणि आपल्या भातावर नुसतं पाणी ओतून घेतलं. मी म्हटलं, आई, तुम्ही खा तो.

"मना कशाला? ताकद पान्यान आस्ते," त्या म्हणाल्या आणि भात कालवू लागल्या.