पितळी पातेल्यातला मठ्ठा
पुदिना चुरडला की मला लग्नानंतरचा सासरी, डिंगोऱ्यातला पहिला उन्हाळा आठवतो. माहेरी सगळं स्टीलचं, त्यामुळे पितळेच्या भांड्यांचं मला काहीच ठाऊक नव्हतं; जत्रेच्या पाहुण्यांसाठी मी सकाळीच माळ्यावरच्या मोठ्या पितळी पातेल्यात मठ्ठा करून ठेवला. दुपारी मांडवात पेले वाटले, आणि सासूबाई पातेल्यात डोकावून ओरडल्या, “अगं, याची कल्हई गेलीय! ताक कळकून इख झालं आसंल. पावणं, पेले खाली ठेवा!” पोटुशी नणंद हातातल्या रिकाम्या पेल्याकडे बघत हळूच म्हणाली, “मी तर दोनदा घेतला, वहिनी.” दिवस मावळेपर्यंत मी तिच्या तोंडाकडे बघत बसले. शेवटी तिनं भाकरी मागितली, तेव्हा मला रडूच फुटलं. आता पातेलं स्टीलचं आहे, तरी पाहुण्यांच्या आधी पहिला पेला मीच पिते आणि थोडा वेळ थांबते.