एका दिनाराला चार की पाच

माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताला बाजारात कुणी हसलं, तर मी तिथल्या तिथं त्याचा उद्धार करते. लंकाबाई म्हणत्यात मला, पिंपळवंडीची. हसणाऱ्यांना काय माहीत, ती बोटं कशानं मोडली! ऐका मग.

मालकांचं नाव गोरख. सासरे बेल्ह्याच्या बैलबाजारात दलाल व्हते. तिथं बैलाचा भाव तोंडानं बोलत न्हाईत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आन् आत बोटं दाबून आकडा सांगायचा. समोरच्यानं हात वढला तर समजायचं, गडी भाव पाडतोय. मग आपण आणखी घट्ट धरायचा, सोडला की सौदा मोडला. मालक मिसरूड फुटायच्या आधीपासनं हेच करत आले. शहाऐंशी साली कुवेतला गेले, एका गोदामात हमालीला. दोन वर्सांनी माझ्या धाकट्या भावाला, भागूलाबी तिकडं नेलं. आई म्हणाली, "जावईबापू, एकुलतं एक हाय माझं. नेताय तसं परत आणा." ह्यांनी तिच्या पायाला हात लावून शब्द दिला.

नव्वदच्या ऑगस्टात इराकचं सैन्य तिथं घुसलं. गोदाम लुटलं. मुकादमाला दारातच गोळी घातली आन् दोन दिवस मढं कुणाला उचलू दिलं न्हाई. हे दोघं एका खोलीत धा जणांत दडून बसले. मग हुकूम निघाला, आजपासनं एक कुवेती दिनार म्हंजे एक इराकी दिनार. अवो, कुवेती दिनाराचे आपले साठ रुपये यायचे! इराकी दिनार बाजारात पाच रुपयालाबी कुणी घेईना. आन् हुकमानं म्हणं दोन्ही सारखे. दिवसाढवळ्या दरोडा! दुसरा भाव तोंडातनं निघाला तर सैनिक हाडं मोडायचे.

मालकांकडं नव्वद कुवेती दिनार उरले व्हते. जॉर्डनकडं जाणारा बसवाला माणशी दोनशे इराकी मागायचा, तेबी पाय टाकायच्या आधी. दोघांचे चारशे. हुकमाच्या भावानं नव्वदाचे नव्वदच येणार, म्हंजे एकबी सीट न्हाई.

तिथं एक म्हातारा सराफ व्हता. आज ना उद्या कुवेत सुटंल म्हणून तो गुपचूप, पडेल भावानं कुवेती नोटा जमवायचा. त्याच्या बापाचा मोत्यांचा धंदा, आन् त्यांच्यातबी भाव कापडाखालीच ठरायचा. सकाळी पावाच्या रांगेत दोघं शेजारी उभं ऱ्हायले. मालकांनी हातांवर टॉवेल टाकला. भागू पाठीमागं राखणीला.

म्हाताऱ्यानं चार बोटं दाबली, म्हंजे एका कुवेतीला चार इराकी. चारच्या भावानं तीनशे साठ व्हत्यात, चाळीस कमी. मालकांनी पाच दाबली. त्यानं पुन्हा चार. ह्यांनी पुन्हा पाच. आन् म्हाताऱ्यानं हात वढला.

अवो, त्याला समोरनं सैनिक येताना दिसला व्हता! आमच्या ह्यांना वाटलं, भाव पाडतोय. त्यांनी मूठ आणखी आवळली. म्हातारा जीव खाऊन वढतोय आन् हे सोडत न्हाईत.

सैनिकानं टॉवेल हिसकला. बंदुकीचा दस्ता म्हाताऱ्याच्या तोंडात घातला, दात फरशीवर सांडले. मग ह्यांना खाली पाडलं, मनगट बुटाखाली दाबलं आन् दस्त्यानं बोटं ठेचायला लागला. हाडं फुटायचा आवाज रांगेतल्या बायांनी ऐकला. भागू धावला. त्यानं दोन्ही हातांनी ती बंदूक धरली. तवर दुसऱ्या सैनिकानं त्याच्या पोटात दोन गोळ्या घातल्या. बावीस वर्सांचा माझा भाऊ सांडलेल्या पावांत टाचा घासत मेला.

चार दिवसांनी मालकांनी कमरेला दडवलेल्या नोटा दुसऱ्या एकाकडं तीनच्या भावानं मोडल्या. एका माणसापुरतं तीनातबी भागलं.

घरी येऊन सांगितलं काय, तर रस्त्यानं जाताना भागूला गोळी लागली, बोटंबी त्याच धांदलीत चेंगरली. मी तीन वर्सं तेच खरं धरून चालले. मग कुवेतच्या लढाईत ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यासाठी भरपाईचे फॉर्म निघाले. जुन्नरला एक मास्तर ते भरून द्यायचे. भागूच्या अर्जावर अंगठा आईचा, म्हणून ती माझ्या माहेराहून, वारूळवाडीहून आली. मास्तर एकेक विचारत गेले. किती नोटा व्हत्या, कुठल्या भावानं मोडल्या, माणूस कसा गेला. म्हणाले, "खरं सांगा, खोटं निघालं तर अर्ज बाद होतो." तवा ह्यांनी सगळं ओकून टाकलं.

मला काय झालं कळलं न्हाई. टेबलावर पाण्याचा तांब्या व्हता, तो उचलून मी ह्यांच्या कपाळात घातला. रगताची धार लागली. पुन्हा घातला. "एका बोटापायी माझा भाऊ खाल्लास!" असं अरेतुरे करून मी बोंबलत व्हते. ह्यांनी अडवायला हातसुदीक वर केला न्हाई. शेवटी मास्तरांनी मला मागं वढलं.

आई जागची हालली न्हाई. तिनं हळूच विचारलं, "जावईबापू, चारला हो म्हणला असता तर?"

"एकच सीट मिळाली असती, मामी."

"कोण बसलं असतं?"

"भागू," हे म्हणाले. कपाळाचं रगत डोळ्यांत उतरलेलं, पण पुसलं न्हाई. "मी तिथंच ऱ्हायलो असतो."

आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. तिला पटलं व्हतं. मलाबी पटलं, ह्यांचा सोभाव मला ठाव हाय. आन् त्याच घडीला माझ्या मनात पयलं काय आलं सांगू? बरं झालं, पाच मागितले, माझा माणूस तरी परत आला. शेजारी आई हंबरडा दाबत बसलेली, आन् मला पोटच्या पोरासारखा भाऊ गेल्याचं बरं वाटलं.

आई त्यानंतर धा वर्सं जगली. तिच्या तोंडाकडं मी कधी नीट बघितलं न्हाई.